सहीच्या आधी : मन वळवणारा मजकूर उसवून कसा वाचावा

संध्याकाळी घरी यावं, तर दाराखालून आत सरकवलेला एक कागद पडलेला असतो.

"सप्रेम नमस्कार. आपली इमारत 32 वर्षांची झाली. गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी झोपेत असताना त्यांच्या उशीशेजारी स्लॅबचा तुकडा पडला. थोडक्यात वाचल्या. आता तरी आपण जागे होणार की नाही? शेजारच्या सोसायटीने पुनर्विकास केला आणि दोनच वर्षांत तिथल्या घरांचे भाव दुप्पट झाले. आपल्या सर्व सुज्ञ सभासदांचा या बिल्डरला पाठिंबा आहे. जे विरोध करत आहेत त्यांना मेंटेनन्सची थकबाकी भरणंही जमत नाही. आज सह्या दिल्या नाहीत तर बिल्डर जाईल, हा गेला तर दुसरा येणार नाही, दुसरा आला नाही तर इमारत धोकादायक ठरेल आणि आपण सगळे रस्त्यावर येऊ. एक तर पुनर्विकास, नाही तर मरणाची वाट पाहणं. रविवारपर्यंत संमतीपत्रं गोळा करण्याचे ठरवण्यात आले आहे."

हे पत्र मी शिकवण्यासाठी जुळवलं आहे. पण यातलं एकही वाक्य मला नव्याने सुचवावं लागलं नाही. जिन्यातल्या फळ्यावर, व्हॉट्सअ‍ॅप गटांवर, निवडणुकीच्या पत्रकांत, क्लासच्या जाहिरातींत हीच वाक्यं कपडे बदलून येतात. असा मजकूर वाचायची एक रीत मी विद्यार्थ्यांना शिकवतो, ती इथे पायरीपायरीने मांडतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मन वळवणं हे वाईट काम नाही आणि अलंकार म्हणजे फसवणूक नाही. सुंदर लिहिलेली गोष्ट खरी असू शकते, रटाळ लिहिलेली खोटी असू शकते. अडचण तेव्हा होते, जेव्हा सौंदर्याचं वजन पुराव्याच्या पारड्यात पडतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं करून तोलायचं. सगळ्या पायऱ्यांचं काम एवढंच आहे.

पहिली पायरी : मागणी एका वाक्यात लिहा

मजकूर मोबाइलवर असेल तर कागदावर उतरवून घ्या. हाताने उतरवताना वेग मंदावतो आणि निम्मं काम तिथेच होतं. मग खाली लिहा : "हा लेखक माझ्याकडून काय मागतो आहे?"

आपल्या पत्राचं उत्तर सोपं वाटतं : सही. पण सही कशावर? नीट पाहिलं तर इथे तीन मागण्या एकमेकींत गुंडाळल्या आहेत. इमारत पाडून नवी बांधावी, ती याच बिल्डरने बांधावी आणि हे रविवारपर्यंत ठरावं. तिन्हींना वेगवेगळी कारणं लागतात. स्लॅबचा तुकडा फार तर पहिलीला आधार देतो, तोही अर्धाच, कारण पडलेला स्लॅब दुरुस्तीकडेही बोट दाखवतो. दुसऱ्या मागणीसाठी पत्रात आहे तो फक्त "सुज्ञ सभासदांचा पाठिंबा". तिसरीसाठी भीतीखेरीज काही नाही. मागण्या सुट्या करणं ही माझ्या मते सगळ्यांत मोलाची पायरी आहे. बाकी काहीच करायला वेळ नसेल तर निदान एवढं करा.

दुसरी पायरी : प्रत्येक वाक्य कोणतं काम करतं, ते समासात लिहा

लेखनाच्या चार जाती आपण शाळेत निबंधाच्या नावाखाली शिकतो. घडलेलं सांगणं म्हणजे कथन, दिसलेलं उभं करणं म्हणजे वर्णन, समजावून देणं म्हणजे स्पष्टीकरण आणि कारणं देऊन पटवणं म्हणजे युक्तिवाद. समासात क, व, स, य अशी अक्षरं टाकत जा.

या पत्रात "य" म्हणावं असं फार थोडं सापडतं आणि "स" तर एकही नाही. ते मोठं भगदाड आहे. 32 वर्षांच्या इमारतीबद्दल लिहिताना पहिलं स्पष्टीकरण स्ट्रक्चरल ऑडिटचं, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचं हवं. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. म्हणजे हा अहवाल असायला हवा. त्याच्या जागी पत्रात आजींची उशी आली आहे. उशीचा प्रसंग खरा असेल, हृदयाला भिडणाराही आहे, पण कॉलमची सळई किती गंजली आहे हे तो सांगत नाही.

जिथे पुरावा यायला हवा तिथे गोष्ट आली, की पेन्सिलीने गोल करा. तिथेच नंतर प्रश्न विचारायचा असतो.

तिसरी पायरी : अलंकार उतरवून ठेवा

उतरवणं म्हणजे टाकून देणं नव्हे. दागिने काढून बाजूला ठेवायचे आणि उरलेल्याचं वजन करायचं. यात मराठीचे स्वतःचे काही नमुने आहेत, ते परक्या भाषेतल्या याद्यांत सापडत नाहीत. म्हणून इथे जरा रेंगाळतो.

सुरुवात प्रश्नापासून. उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न दिसला की त्याचं विधान करा. जुलै 1897 मध्ये, प्लेग कमिशनर रँडवर पुण्यात हल्ला झाल्यानंतर सरकारने शहरावर जी दडपशाही सुरू केली, तिच्यावर 'केसरी'त दोन अग्रलेख आले. एकाचा मथळा "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" आणि नंतरच्याचा "राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे". पहिला मथळा आजही तोंडपाठ असतो. त्याचं विधान केलं तर उरतं : सरकारचं डोकं ठिकाणावर नाही. हा संताप आहे आणि त्या घडीला तो रास्तही होता. पण वाद घालता येईल अशी कसोटी आहे ती दुसऱ्या मथळ्यात. राज्यकारभार कुठे संपतो आणि सूड कुठे सुरू होतो, यावर पुरावे मांडता येतात. पहिला मथळा वाचकाला उभा करतो, दुसरा त्याच्या हातात माप देतो. चांगल्या लेखकाला दोन्ही लागतात. फक्त पहिलाच सापडला तर सावध व्हा.

आता आपल्या पत्रातला प्रश्न : "आता तरी आपण जागे होणार की नाही?" इथलं लहानसं "तरी" पाहा. आजवर आपण झोपलो होतो, हा आरोप त्याने सिद्ध न करताच आत आणून बसवला. मराठीत असं काम ही बारकी अव्ययं करतात. "सुद्धा", "देखील", "मात्र", "तरी" आणि शब्दाला चिकटणारा "च". "दोनच वर्षांत" मधला "च" खोडून वाक्य पुन्हा वाचा. आकडा तोच राहतो, आश्चर्य निघून जातं.

दुसरा आपला खास नमुना म्हणजे "ठरवण्यात आले आहे". कोणी ठरवलं? कमिटीने, सर्वसाधारण सभेने, की तिघांनी चहा पिताना? "कळवण्यात येते", "निदर्शनास आले आहे", "अशी चर्चा आहे" ही सगळी कर्ता लपवायची व्याकरणशुद्ध रीत आहे. अशा प्रत्येक वाक्याला कर्ता जोडून पाहा. जोडता आला नाही तर तोच तुमचा पहिला प्रश्न.

शब्दांच्या रंगासाठी माझी परीक्षा अदलाबदलीची आहे. आपल्या माणसाचा तो आग्रह, समोरच्याचा तो हट्ट. आपली काटकसर, त्यांची कंजुषी. आपण ठाम, ते हेकट. रंगीत शब्दाच्या जागी फिका शब्द ठेवून वाक्य तग धरतं का पाहा. "सुज्ञ सभासदांचा पाठिंबा आहे" यातून "सुज्ञ" काढा, मग "किती जणांचा?" हा साधा प्रश्न लगेच सुचतो. शिवाय तो शब्द असा लावला आहे की पाठिंबा न देणारा आपोआप सुज्ञांतून वगळला जातो. ज्या विधानाला खोटं ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, ते विधान काहीच सांगत नसतं.

श्लेषाचं एक उदाहरण द्यायलाच हवं. कोणी म्हणतं, "जरा विश्वास ठेवा," आणि दुसरा उत्तर देतो, "विश्वास तर पानिपतात गेला!" हशा होतो, विषय संपतो. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडलेले विश्वासराव आणि आज मागितलेला भरवसा यांचा नावापुरताच संबंध, पण बोलणाऱ्याचं कारण न ऐकताच तो हरतो. नैयायिकांनी, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या (न्यायशास्त्राच्या) पंडितांनी, याला फार पूर्वी वाक्छल म्हटलं. त्यांचं उदाहरण कांबळ्याचं. "हा मुलगा नवकंबल आहे" असं कोणी म्हणालं, म्हणजे त्याचं कांबळं नवं आहे. छल करणारा "नव" म्हणजे नऊ घेतो आणि विचारतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? शब्द तोच ठेवून अर्थ बदलला, की वाद जिंकल्यासारखा दिसतो.

आणि आता पत्रातली ती साखळी : बिल्डर जाईल, दुसरा येणार नाही, इमारत धोकादायक, आपण रस्त्यावर. आधीची गोष्ट पुढचीचं कारण अशी माळ गुंफणं, याला अलंकारशास्त्रात कारणमाला म्हणतात. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध कारणमाला महात्मा फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'मधली, 1883 सालची : "विद्येविना मती गेली, मतीविना नीती गेली, नीतीविना गती गेली, गतीविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले." रचना हुबेहूब तीच. मग एक भक्कम आणि दुसरी घसरगुंडी का?

हा प्रश्न मी वर्गात विचारतो तेव्हा मुलं आधी म्हणतात, "फुले मोठे म्हणून." ते उत्तर मी स्वीकारत नाही. फरक कड्यांत आहे. फुल्यांची क्रियापदं भूतकाळातली आहेत. जे घडून गेलं त्याची कारणं ते उलगडतात आणि पुढे शेतकऱ्याचं घर, कर्ज, कचेरीतली नाडवणूक यांची वर्णनं समोर ठेवतात. एखादी कडी पटली नाही तर तिथे बोट ठेवून भांडता येतं. पत्रातली क्रियापदं भविष्यातली, प्रत्येकाची खात्री शंभर टक्के, आणि एकाही कडीखाली आधार नाही. कारणमाला दिसली की प्रत्येक कडीसमोर लिहा : "हे होईलच का? कशावरून?" चार कड्यांतली प्रत्येक कडी दहांपैकी सात वेळा खरी ठरते असं धरलं, तरी शेवटापर्यंत पोचण्याची शक्यता चौथ्या हिश्शाहूनही कमी उरते. वाचताना मात्र शेवटची कडीच सर्वांत जड वाटते.

चौथी पायरी : उरलेलं पाच अवयवांत बसवा

न्यायशास्त्रात दुसऱ्याला पटवायच्या अनुमानाचे पाच अवयव मानले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. क्रमाने पाहा : डोंगरावर आग आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जशी चुलीत. या डोंगरावर तसाच धूर आहे. म्हणून तिथे आग आहे. शाळेत हे घोकलं असेल तर कंटाळवाणं वाटेल, पण रोजच्या वाचनात याच्याइतकं उपयोगी हत्यार मला दुसरं मिळालेलं नाही. तिसऱ्या अवयवात "जिथे जिथे हे, तिथे तिथे ते" असा नियम उघड सांगावाच लागतो. पत्रं आणि भाषणं नेमका तोच गिळतात.

शेजारच्या सोसायटीचं वाक्य बसवून पाहू. आपल्याही घरांचे भाव दुप्पट होतील, कारण आपणही पुनर्विकास करणार. नियम? "जिथे पुनर्विकास, तिथे दोन वर्षांत भाव दुप्पट." असा लिहून काढला की लेखकालाही तो मान्य करवणार नाही.

नैयायिक इथे उपाधी, म्हणजे नियमामागे लपलेली अट, शोधायला सांगतात. धुरावरून आग कळते, पण आगीवरून धूर कळतोच असं नाही. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. मग शेजारी ओलं सरपण कोणतं होतं? नवी मेट्रो? घराचं वाढलेलं क्षेत्रफळ? की साऱ्या भागातच भाव चढले? आणि दुप्पट झाला तो चौरस फुटाचा दर, की मोठ्या झालेल्या घराची एकूण किंमत?

पाचवी पायरी : दोषाला मराठीत नाव द्या

हेतूसारखा, म्हणजे कारणासारखा, दिसणारा पण हेतू नसलेला तो हेत्वाभास. परभाषेतल्या लांबलचक याद्या पाठ करण्याची गरज नाही. आपल्या म्हणींत बहुतेक दोषांची नावं तयार आहेत आणि सभेत ती सगळ्यांना कळतात.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, तर फांदी कावळ्याने मोडली असं धरणं, हा काकतालीय न्याय. नसलेला संबंध जोडणं, तो बादरायण संबंध. थकबाकीचं वाक्य त्यातलं : मेंटेनन्स थकवणारा माणूस बिल्डरच्या करारातली चूक बरोबर दाखवू शकतो. एवढं सांगून मी पुढे जातो, कारण तीन म्हणींशी जरा थांबायचं आहे.

शितावरून भाताची परीक्षा. ही म्हण घाईच्या निष्कर्षासाठी वापरतात आणि भातापुरती ती अगदी बरोबर आहे. एक पातेलं, एक पाणी, एक आच, म्हणून चार शितं चेपली की साऱ्या भाताचं कळतं. तेव्हा प्रश्न असा विचारायचा : दोन्ही शितं एका पातेल्यातली आहेत का? शेजारच्या सोसायटीचा प्लॉट केवढा, समोरचा रस्ता किती रुंद, एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधकामाची परवानगी) किती मिळाला? पातेलं वेगळं असेल तर शीत काही सांगत नाही.

पाची मुखी परमेश्वर. अनेकांचं मत हे पूर्णपणे निरर्थक नसतं, पण पाच मुखं खरंच पाच असावी लागतात. चौघांनी पाचव्याकडूनच ऐकलं असेल तर मुख एकच. व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास गटांतून आलेला एक संदेश म्हणजे एकच मुख.

इकडे आड तिकडे विहीर. "एक तर पुनर्विकास, नाही तर मरण" या वाक्यात आड आणि विहीर लेखकानेच खणली आहे. कागदावर तिसरा, चौथा पर्याय लिहा : मोठी दुरुस्ती, दुसरा बिल्डर, सभासदांनी स्वतः करायचा पुनर्विकास. ते वाईटही ठरतील, पण ते आहेत.

मोठ्या माणसाचा दाखला आला की लगेच दोष म्हणू नका. न्यायमतात शब्द, म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, हे प्रमाणच आहे, फक्त तो आप्ताचा हवा : ज्याला विषय प्रत्यक्ष माहीत आहे आणि जो खरं सांगू इच्छितो. म्हणून प्रश्न दोन. याला माहीत आहे का? आणि हा खरं सांगेल का? हृदयरोगतज्ज्ञाचं बांधकामाबद्दलचं मत पहिल्या प्रश्नावर अडतं, बिल्डरने नेमलेल्या इंजिनियरचं दुसऱ्यावर. इथे माणसाबद्दल बोलणं वैयक्तिक हल्ला ठरत नाही, कारण आपण त्याच्या शब्दावरच विसंबणार असतो.

सहावी पायरी : मग लिहायला बसा

युक्तिवादात दोष सापडला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरला असं नाही. हे पत्र गचाळ आहे, पण इमारत खरंच धोक्यात असू शकते. दोष दाखवून टाळ्या घेणारा आणि स्वतः काहीच न मांडणारा जो वाद घालतो, त्याला वितंडा म्हणतात. आपल्याला हवा तो वाद, ज्यात दोघांनाही खरं शोधायचं असतं.

हे मी स्वतः शिकलो ते एका वाचनालयामुळे. आमच्या भागातलं वाचनालय हलवायचं घाटत होतं. मी विरोधाचं पत्र लिहिलं : लाकडी कपाटांचा वास, खिडकीतली म्हातारी माणसं, माझं बालपण. सभेत वाचलं तेव्हा काहींचे डोळे पाणावले. मग मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "रोज किती जण येतात?" माझ्याकडे आकडा नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस मी तिथल्या नोंदवहीशेजारी बसून माणसं मोजली, कोण पायी येतं, कोणाला नव्या जागेपर्यंत रिक्षा करावी लागेल, हे विचारलं. दुसऱ्या पत्रात कपाटांचा वास एका ओळीपुरता राहिला. तो मी काढला नाही, कारण तोही खरा होता.

लिहिताना आधी पूर्वपक्ष लिहा : समोरच्याचं म्हणणं, त्याला स्वतःला मांडता आलं असतं त्याहून चांगलं. त्यांच्यापैकी एकाला ते वाचून दाखवा. "हो, असंच म्हणायचंय" असं तो म्हणाला की मगच उत्तराला हात घाला. त्या रीतीने आपल्या पत्राला दिलेलं उत्तर असं होईल :

"सप्रेम नमस्कार. इमारत जुनी झाली आहे आणि आजींच्या खोलीत जे घडलं ते पुन्हा घडता कामा नये, यावर आमचं दुमत नाही. त्या खोलीच्या छताला या आठवड्यातच टेकू लावावेत, खर्च दुरुस्ती निधीतून करावा. निर्णय लांबला तर चांगला बिल्डर हातचा जाईल ही तुमची काळजीही आम्ही समजतो. म्हणून तीन गोष्टी सर्वसाधारण सभेपुढे ठेवाव्यात : स्ट्रक्चरल ऑडिटचा शेवटचा अहवाल, दुरुस्तीचा अंदाजित खर्च आणि या बिल्डरसोबत आणखी दोघांचे लेखी प्रस्ताव. शेजारच्या सोसायटीतल्या दोन सभासदांना त्यांचा अनुभव सांगायला बोलवावं, एक समाधानी आणि एक नाराज. अहवाल हाती आल्यापासून 15 दिवसांत सभा घ्यावी, त्या सभेत आम्ही होकार किंवा नकार लेखी देऊ. रविवारपर्यंत संमतीपत्रं गोळा करायचं कोणी आणि कोणत्या सभेत ठरवलं, ते कृपया कळवावं."